बंद घराचा मीटर

रविवारी सकाळी आठ वाजता अण्णांनी घरातले फोन पोहे भिजवायच्या परातीत गोळा केले.

"बंद केलेत ना? नुसता पडदा काळा करून भागायचं नाही. पार बंद."

"पार बंद, अण्णा."

"लॅपटॉप?"

"बंद करून पिशवीत घातलाय."

"टीव्ही?"

"प्लग काढलाय."

"मग हा दिवा का लुकलुकतोय?"

कपाटावर ठेवलेल्या राउटरचा हिरवा दिवा खरोखरच लुकलुकत होता. मी आणि अण्णा मान वर करून बघत उभे राहिलो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खाली बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी काही वर बघितलं नाही.

"लोड हाय," अण्णा म्हणाले. "लाईनवर लोड हाय. कुणीतरी आकडा टाकलाय."

माझे सासरे दिनकर म्हेत्रे वीज मंडळात मीटर रीडर म्हणून लागले आणि भरारी पथकातून निवृत्त झाले. तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेणाऱ्यांना पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. अजूनही ते तासगावच्या रस्त्यानं चालताना माणसांकडं कमी आणि खांबांकडं जास्त बघायचे. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती, तरी पथक त्यांच्यातून काही निवृत्त झालं नव्हतं.

या गोष्टीलाही आता चार-पाच वर्षं होऊन गेली. तेव्हा माझी नोकरी त्या हिरव्या दिव्यावर टांगलेली होती. पुण्यातल्या एका शिकवणीच्या कंपनीसाठी मी घरून नववी-दहावीच्या मुलांना ऑनलाइन भूमिती शिकवत होते. तीन महिने परीक्षेचे, मग कायम. शिकवणं चांगलं चाललं होतं, पण महिन्याच्या वीस तारखेपर्यंतच. आमच्या जोडणीला महिन्याला दोनशे जीबी पूर्ण वेगानं मिळायचे. ते संपले की नेट बंद पडत नसे, फक्त इतकं सावकाश व्हायचं की मी 'आता या त्रिज्येकडे बघा' म्हणायचे आणि मुलांना माझं उघडं तोंड तसंच्या तसं पाच मिनिटं दिसत राहायचं. दोन महिने असं झालं. कंपनीतल्या मॅडमनी फोन केला.

"तृप्ती, तुमचं शिकवणं छान आहे हो. पण मुलांना ते दिसायला तर पाहिजे. एकोणतीस तारखेला चार वाजता मी स्वतः तुमच्या तासाला बसणार आहे. त्यावरच ठरेल."

मी हे घरी सांगितलं तेव्हा माझा नवरा धनंजय 'बघू' म्हणाला आणि बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला निघून गेला. अण्णांनी मात्र चष्मा लावला.

"दोनशे युनिट मंजूर हायेत आणि वीस दिवसांत संपतात," ते म्हणाले. "म्हणजे एक तर वापर जास्त हाय, नाही तर चोरी."

त्या दिवसापासून ते रोज सकाळी सात वाजता माझ्याकडून नेटच्या कंपनीचं पान उघडून घ्यायचे आणि रीडिंग डायरीत लिहायचे. धनंजयचे संध्याकाळचे सिनेमे बंद झाले. आईंची कीर्तनं 'ऐकायचीच आहेत तर चित्र कशाला?' म्हणून रेडिओवर गेली. एकदा मी सांगितलं की येणारं तर मोजतातच, पण माझा चेहरा मुलांकडं जातो तेही मोजतात. अण्णा खुर्चीतून उठलेच.

"जाणारं पण मोजतात? मीटर दोन्हीकडनं फिरतो?"

"हो."

"आणि ह्याला कोण विचारत नाही?"

एवढं करूनही त्या रविवारी, एकवीस तारखेला सकाळी, एकशे ब्याऐंशी जीबी संपलेले होते. अठरा उरले होते. त्यातले बारा तरी माझ्या आठवड्याभराच्या तासांना लागणार होते, आणि रोज कुठून कोण जाणे सात-आठ जीबी कमी होतच होते. मी हिशोब करून बघितला. मंगळवारपर्यंतच सगळं संपणार होतं. म्हणून ही परात.

मी माझा फोन परत सुरू करून राउटरची यादी उघडली. माझ्या फोनखाली आणखी एक ओळ होती. नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे.

"आहे, अण्णा. कुणीतरी जोडलेलं आहे."

"बघ! मी काय म्हणालो?" अण्णांचा चेहरा असा उजळला की घरात चोर सापडला आहे, असं कुणाला वाटलं नसतं.

"सोपं आहे. मी आत्ताच पासवर्ड बदलून टाकते. झालं."

"हां, बदल की," आई पटकन म्हणाल्या. "कशाला उगं हुडकत बसायचं? बदला आणि पोहे खा."

"वा! वा!" अण्णा म्हणाले. "चोर तसाच सोडायचा आणि आपण वायर गुंडाळून घरी यायचं? आमच्या पथकात असलं चालत नव्हतं. सख्ख्या भावाला सोडलं नाही मी."

हे खरं होतं आणि सगळ्या तासगावला माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी अण्णांच्या पथकानं ज्या पिठाच्या गिरणीवर धाड घातली, ती त्यांच्या धाकट्या भावाची, सुभाषकाकांची होती. मीटरला वळसा घालून वायर टाकलेली. अण्णांनी स्वतःच्या हातानं पंचनामा लिहिला. त्या दिवसापासून भाऊ बोलत नव्हते. अंगण एक, घरं दोन, मधली भिंत एक. अण्णा त्या बाजूला मानसुद्धा वळवत नसत. पुढं सुभाषकाका गिरणी विकून मुलीकडं नाशिकला राहायला गेले आणि त्या घराला कुलूप लागलं. तरी अण्णांची मान काही वळली नाही.

पंचाईत एवढीच होती की या भावांच्या बायका सख्ख्या बहिणी होत्या. आई म्हणजे मालन, आणि सुभाषकाकांच्या शालनकाकू. एकाच मांडवात दोघींची लग्नं झालेली. त्यांचं बोलणं कधी बंद झालं नाही, फक्त अण्णा आंघोळीला गेल्यावर सुरू व्हायचं.

अण्णांनी माझा फोन हातात घेतला आणि नेट कुठपर्यंत पोचतं ते तपासत घराभोवती फिरू लागले. मी मागं. फाटकापाशी तीन रेघा, मागच्या मोरीपाशी दोन, शेजारच्या कदमांच्या कुंपणाशी काहीच नाही.

"कदम सुटला," अण्णा जरा नाराजीनं म्हणाले. कदमांवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा होता.

राहिली एकच बाजू. अण्णा अंगणाच्या मध्यावर थांबले.

"तिकडं कुलूप आहे, अण्णा. कोण असणार तिथं?"

"बंद घर असलं म्हणून काय झालं? बघायला पाहिजे," ते म्हणाले आणि बारा वर्षांनी त्यांनी अंगण ओलांडलं.

ते दाराशी गेले नाहीत. कुलूपही बघितलं नाही. सवयीनं सरळ भिंतीवरच्या विजेच्या मीटरपाशी गेले, बोटानं काचेवरची धूळ पुसली आणि वाकून बघत राहिले.

"तृप्ती, इकडं ये. हा तांबडा दिवा बघ. उघडझाप करतोय का?"

दिवा अगदी सावकाश, मधूनच उघडझाप करत होता.

"बंद घराचा मीटर फिरतोय. आत काहीतरी चालू हाय. बारीक हाय, पण चालू हाय." ते सरळ उभे राहिले. "शिडी आण."

शिडी मी आणली, पण तेवढ्यात आई पदराला हात पुसत अंगणात आल्या होत्या.

"चढू नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"सदुसष्ट वय झालं म्हणून. आणि आत काय हाय ते मी सांगते म्हणून."

अण्णांनी एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला होता. तो तसाच राहिला.

"मी दिलाय पासवर्ड," आई म्हणाल्या. "राउटरच्या बुडाला चिकटवलेला वाचून शालनला दिला. दिवाळीला आली होती तेव्हा. बंद घर हाय, चोराचिलटाची भीती, म्हणून तिनं कॅमेरा बसवला. त्याला नेट लागतं. जोडणी द्यायला आलेला पोरगा माझ्यासमोर अनलिमिटेड म्हणाला होता. आपल्या व्हरांड्यातला उजेड तिच्या दारात पडला तर आपला काय कमी होतो?"

"कमी होतो!" अण्णा म्हणाले. "एकशे ब्याऐंशी कमी झाला!"

"मला काय माहीत असं मोजून मिळतं ते? आता तोडा माझी लाईन. करा पंचनामा."

मला हसू आवरेना, म्हणून मी शिडीचा पाय धरून खाली बघत राहिले. अण्णा मात्र चढू लागले. वर झरोका होता, त्याच्या जाळीआड पांढरी, मुठीएवढी एक वस्तू दिसत होती. जाळीतून हात घालून तिची वायर ओढायचा त्यांचा विचार होता. शिडी जुनी होती आणि अंगणातली फरशी गुळगुळीत. चौथ्या पायरीवर ती जरा सरकली.

"दादा, खाली उतर."

अण्णांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मी आईंकडं बघितलं. आवाज झरोक्यातून, त्या कॅमेऱ्यातून आला होता.

"दादा, शिडी हलतीय. उतर आधी. तृप्तीच्यानं धरवायची नाही ती."

अण्णांना आम्ही अण्णा म्हणायचो, गल्ली अण्णा म्हणायची, मंडळातले लोकही अण्णाच म्हणायचे. त्यांना दादा म्हणणारा जगात एकच माणूस होता.

अण्णा उतरले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी पकडली आणि जाळीकडं बघत विचारलं, "दुसऱ्याच्या लाईनीवरनं बोलायला लाज नाही वाटत?"

"कसली लाईन?"

"नेट आमचं हाय."

झरोक्यात, मागं कुठंतरी, शालनकाकूंचा आवाज आला, 'अगं बाई' असा काहीतरी.

"मला शालन बोलली नाही तसं," सुभाषकाका म्हणाले. "मला वाटलं, कॅमेऱ्याचं त्याचं त्याचं असतं."

"त्याचं त्याचं असतं! दोनशे जीबी मिळतात महिन्याला. दोनशे! त्याच्या पुढं नेट चालू राहतं, पण नुसतं नावाला. अनलिमिटेड म्हणजे बंद पडत नाही एवढंच. आणि येणारं एकटंच मोजत नाहीत, जाणारं पण मोजतात. तू तिथं बघतोस ते इथनं जातं. म्हणजे माझ्यातनं जातं. कळलं का?"

"कळलं."

"काय कळलं?"

"जाणारं पण मोजतात."

बारा वर्षांनी दोन भाऊ बोलले, आणि बोलले ते हे. आईंनी तोंडाला पदर लावला होता. त्या हसत होत्या का रडत होत्या, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

"एवढा काय बघतोस रे दिवसभर?" अण्णांनी विचारलं. "कुलूप बघतोस? चोर येतात काय रोज?"

अण्णांनी मान थोडी तिरकी केली. दोन्ही घरं काटकोनात होती. कॅमेऱ्याचं तोंड कुलपाकडं नव्हतं, फाटकाकडंही नव्हतं. ते सरळ आमच्या व्हरांड्याकडं होतं. तिथं एक खुर्ची होती आणि खुर्चीवर आजचा पेपर.

"सुभाष."

"सकाळी पेपर वाचतोस," काका हळूच म्हणाले. "दहाला आंघोळीला जातोस. चारला त्या कदमाच्या खांबाकडं बघत चहा पितोस. मागल्या बुधवारी दिवसभर बाहेर आला नाहीस."

"ताप होता," अण्णा म्हणाले.

"तेच. म्हणून शालनला फोन करायला लावला वहिनींना."

मी शिडी आणखी घट्ट धरली. अण्णा वर तसेच उभे होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

मग त्यांनी घसा खाकरला. "हे बघ. एकोणतीस तारखेला हिचा तास हाय. साहेबीण बघायला येणार हाय. हिच्या नोकरीचा प्रश्न हाय. अठरा जीबी राहिलेत. तोपर्यंत बंद ठेव."

"ठेवतो की. आत्ताच ठेवतो." आवाज जरा घुटमळला. "पण आधी उतर."

अण्णा उतरले. शेवटच्या पायरीवरून त्यांनी वर बघितलं, तेव्हा कॅमेऱ्यावरचा बारीक निळा ठिपका विझला होता.

त्या संध्याकाळी चहा घेताना अण्णा डायरी मांडीवर घेऊन बसले. रोजचे सात जीबी. तासाला किती जीबी जातो, ते त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, असल्या कॅमेऱ्याला अर्धा. त्यांनी भागाकार केला, मग पुन्हा केला.

"चौदा तास," ते म्हणाले. "चौदा तास बघतो. हा माणूस जेवतो कधी?"

पुढचा आठवडा घरात कोणी नेटला हात लावला नाही. माझे तास नीट झाले. एकाही मुलानं 'मॅडम, तुम्ही अडकलात' म्हटलं नाही. पण अण्णा अस्वस्थ होते. पेपर वाचताना मध्येच मान वर करायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बंद असला की त्याला काहीच दिसत नसंल न्हाय?"

"काहीच नाही."

"बरं हाय. शांतता हाय," असं म्हणून त्यांनी तोच पेपर पुन्हा उघडला. चहाची वेळही चुकायला लागली. एकदा तर कदमांच्या खांबावर कुणीतरी चढलं होतं, तरी अण्णांनी काय चाललंय म्हणून विचारलं नाही. आई म्हणाल्या, "इतकी वर्षं तो बोलत नव्हता तेव्हा एवढं झालं नव्हतं ह्यांना."

एकोणतीस तारखेला साडेतीनपासूनच अण्णा राउटरच्या कपाटाखाली खुर्ची टाकून बसले. आईंना कुकरची शिट्टीसुद्धा लावू दिली नाही, तिचा नेटशी काही संबंध नाही हे मी तीनदा सांगूनही. चार वाजता मॅडम आल्या, म्हणजे कोपऱ्यातल्या एका चौकोनात त्यांचा चष्मा दिसू लागला. मी वर्तुळाची स्पर्शिका शिकवली. पहिलं वर्तुळ बटाट्यासारखं आलं, पण मुलांना ते स्पष्ट दिसलं, इतकं स्पष्ट की एकानं तसं बोलूनही दाखवलं. पाच वाजता मॅडम म्हणाल्या, "एक तारखेपासून तुम्ही कायम. आणि तृप्ती, नेटचं काय केलंत?"

"घरच्यांनी सांभाळून घेतलं," मी म्हणाले.

दाराआड अण्णा उभे होते. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. डायरी पुढं केली.

"रीडिंग सांग."

मी पान उघडलं. "चार जीबी शिल्लक आहेत."

"परवा एकतीस. हे चार पुढच्या महिन्याला मिळतात?"

"नाही, अण्णा. माझे या महिन्याचे तास आज संपले. उरलेलं तिथंच संपतं. एक तारखेला पुन्हा नवे दोनशे."

"म्हणजे फुकट जाणार."

"फुकट जाणार."

त्यांनी डायरीत चार लिहून खाली हिशोब केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चार जीबी म्हणजे आठ तास. त्याला फोन कर. उद्या सकाळी सातला लाव म्हणावं, तीनला बंद कर म्हणावं. मंजूर झालेलं फुकट घालवायचं नसतं."

"तुम्हीच सांगा की."

"मी कशाला सांगू? मी काय बोलतोय होय त्याच्याशी?"

मी फोन केला. पलीकडं शालनकाकूंनी उचलला, पण त्यांच्या हातून तो लगेच कुणीतरी काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी अण्णा सहालाच उठले. दहाची आंघोळ साडेसहाला झाली. दाढी झाली. लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट अंगावर आला. आईंनी नुसत्या भुवया उंचावल्या. सातला पाच कमी असताना ते व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसले आणि पेपर समोर धरला. मी दारातून बघत होते. पेपर उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते.

बरोबर सात वाजता झरोक्यात निळा ठिपका लागला.

अण्णांनी वर बघितलं नाही. त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग पेपरालाच सांगावं तसं म्हणाले, "आज काय विशेष नाही पेपरात."

"तासगावचं काय आलंय का?" झरोक्यातून आवाज आला. "इथल्या पेपरात तासगावचं काही येत नाही, दादा."

अण्णांनी पेपर खाली ठेवला, चष्मा शर्टाला पुसला आणि खुर्ची उचलून झरोक्याकडं तोंड करून ठेवली. मग पेपर पुन्हा उघडून तासगावचं पान शोधलं आणि ते मोठ्यानं वाचायला लागले.